हरवलेलें माणूस शोधणारें यंत्र

आमची नागपूरची रामदासपेठ ही आतां दवाखान्यांची पेठ झाली आहे. जुने बंगले जाऊन त्या जागीं उंच इमारती उठल्या आणि जिकडे तिकडे डॉक्टरांच्या नांवांच्या पाट्या लागल्या. सकाळीं मी वर्तमानपत्र घेऊन फाटकाशीं बसतों, तेव्हां भंडारा, यवतमाळ, छिंदवाडा, बालाघाट अशा दूरदूरच्या भागांतून आलेली मंडळी हातांतली चिठ्ठी पुढें करून विचारतात, "काकाजी, देशमुख डॉक्टर कुठं बसते जी?" मी विचारतों, "कोणते देशमुख? हाडांचे, डोळ्यांचे कीं लहान मुलांचे?" बिचारा माणूस गोंधळतो. मग सांगतो, "आमच्या गावच्या पाटलाच्या सुनेचं आप्रेशन केलं ना, ते!" ह्यावरून देशमुख सांपडत नाहींत, पण "सुनेचा पाय मोडला होता का?" असें विचारलें म्हणजे उलगडा होतो आणि मी बोटानें इमारत दाखवितों. माणूस शोधणें म्हणजे नुसतें नांव शोधणें नव्हे, हा धडा मला ह्या फाटकानें दिला आहे.

ह्याच विषयावर आज मी बोलणार आहें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शाळामास्तर. संगणकशास्त्राचा आणि माझा संबंध आला तो माझ्या पुतणीमुळें. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. एके दिवशीं ती आपल्या तीन सोबत्यांसह घरीं आली आणि म्हणाली, "मोठेबाबा, तुम्ही छत्तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली. एका वर्गात तीन सुनीता असल्या तर तुम्ही काय करत होता?"

"बापाचें नांव जोडून हांक मारीत असें," मी म्हणालों.

"आणि बापाचंही नाव एकच असलं तर?"

"तर गांव, नाहीं तर मोहल्ला. पण तुला आज हें कशाला हवें?"

तेव्हां कळलें कीं, दुसऱ्या दिवसापासून तिच्या महाविद्यालयांत हॅकॅथॉन होतें. हा शब्द पुष्कळांना नवा वाटेल. येथें 'हॅक' म्हणजे चोरी नव्हे. अडलेलें काम युक्तीनें पार पाडणें असा त्याचा अर्थ आहे, आणि त्याला मॅरेथॉन शर्यतीचें शेपूट जोडलें आहे. १९९९ च्या जून महिन्यांत कॅनडांतील कॅल्गरी शहरीं 'ओपन बीएसडी' ह्या संगणकप्रणालीवर काम करणारी थोडी मंडळी एकत्र बसलीं, तेव्हांपासून हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे अखंड पारायणाला लोक बसतात, त्याप्रमाणें हीं मुलें २४ किंवा ३६ तास एका जागीं बसून एखादी अडचण सोडविणारी आज्ञावली लिहून काढतात आणि शेवटीं परीक्षकांपुढें चालवून दाखवितात. भारत सरकारनेंहि २०१७ सालापासून 'स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन' नांवाची देशव्यापी स्पर्धा सुरू केली आहे.

ह्या मुलांना मिळालेली अडचण अशी : मोठ्या गर्दींत हरवलेलें माणूस शोधून देणारें वेब ॲप तयार करावें. वेब ॲप म्हणजे मोबाइलमध्यें वेगळें कांहीं उतरवून न घेतां, पत्ता लिहितांच उघडणारें पान. त्यावर आपण विचारूं शकतों, लिहूं शकतों, आणि त्याच्या पाठीमागें दूर कोठें तरी संगणकांत एक मोठी नोंदवही असते.

गर्दीचें उदाहरण शोधण्यास त्यांना लांब जावें लागलें नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जेथें बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती दीक्षाभूमि आमच्या पेठेपासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. दरवर्षीं धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तेथें महाराष्ट्रांतून आणि बाहेरूनहि लाखों माणसें येतात. एवढ्या जनसागरांत एखाद्या आजीचा हात सुटतो, एखादें पोर पुस्तकांच्या दुकानापाशीं रेंगाळतें आणि मागें राहतें. मग ध्वनिक्षेपकावरून नांवें पुकारलीं जातात.

ही पुकारण्याची रीत जुनी आहे आणि तिला तुच्छ लेखूं नये. प्रयागच्या मेळ्यांत राजाराम तिवारी ह्या गृहस्थांनीं १९४६ सालीं पत्र्याचा कर्णा हातीं घेऊन हरवलेल्यांचीं नांवें पुकारण्यास आरंभ केला. 'भूले भटके शिबिर' ह्या नांवानें तें काम पुढें वाढलें आणि २०१६ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत त्यांनीं तें सोडलें नाहीं. परंतु कर्ण्याला तीन मर्यादा आहेत. आवाज पोंचेल तेवढेंच त्याचें क्षेत्र. उच्चारला त्या क्षणीं ऐकला नाहीं तर तो फुकट गेला. आणि "सुनीता, जिथं असशील तिथून चौकीपाशीं ये," असें म्हटलें कीं शंभर सुनीता कान टवकारतात. नोंदवही हवी ती ह्याकरितां. ती दूर पोंचते, लक्षांत ठेवते आणि एका सुनीतेला दुसरीपासून निराळी करूं शकते.

अशी नोंदवही जगांत पूर्वीं कोणी केली नव्हती असें नाहीं. २९ ऑगस्ट २००५ रोजीं 'कतरिना' नांवाच्या वादळानें अमेरिकेचें न्यू ऑर्लिन्स शहर बुडविलें. लोक निरनिराळ्या छावण्यांत पांगले. वांचलेल्यांच्या याद्या पुष्कळ ठिकाणीं निघाल्या. पण प्रत्येक यादीचा सांचा वेगळा, त्यामुळें आईला मुलाचें नांव दहा ठिकाणीं शोधावें लागे. तेव्हां कांहीं स्वयंसेवकांनीं सर्वांसाठीं एकच सांचा ठरविला आणि याद्या एकमेकींत मिसळतील अशी सोय केली. पुढें १२ जानेवारी २०१० रोजीं हैती देशांत भूकंप झाला, तेव्हां गूगल कंपनीच्या लोकांनीं त्याच सांच्यावर सुमारें तीन दिवसांत 'पर्सन फाइंडर' हें पान उभें केलें. त्यावर मुख्य दरवाजे दोनच : 'मी कोणाला तरी शोधतों आहें' आणि 'माझ्यापाशीं कोणाची तरी माहिती आहे'. २०१३ सालीं उत्तराखंडांत महापूर आला, त्या वेळीं तें पान हिंदींतहि उघडलें होतें.

महाराष्ट्रांतहि गर्दी आणि संगणक ह्यांची गांठ पडलेली आहे. २०१५ च्या नाशिकच्या सिंहस्थासाठीं, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेंत एमआयटी संस्थेंत अध्यापन करणारे रमेश रासकर ह्यांच्या पुढाकारानें 'कुंभथॉन' नांवाचा उपक्रम झाला. त्यांत शाळकरी वयाच्या मुलांनींहि भाग घेतला. पावलांचा दाब ओळखून किती माणसें पुढें गेलीं हें मोजणारी चटई तेथें तयार झाली. चटईला कोणाचेंहि नांव विचारावें लागत नाहीं. हरवलेल्याला शोधावयाचें तर मात्र नांव विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि अडचणीला तेथूनच प्रारंभ होतो.

पहिली अडचण लेखनाची. इंग्रजी लिपींत चौधरी हें आडनांव चार घरीं चार तऱ्हांनीं लिहितात. म्हणून यंत्राला अक्षरांपेक्षां उच्चार ओळखावयास शिकविलें पाहिजे. ह्याचा एक उपाय अमेरिकेंत रॉबर्ट रसेल ह्यानें १९१८ सालीं पेटंट घेऊन सुचविला. 'साउंडेक्स' ह्या नांवानें आज जें त्याचें रूप चालतें त्यांत नांवाचें पहिलें अक्षर ठेवतात, स्वर गाळतात, 'एच', 'डब्ल्यू' व 'वाय' हीं अक्षरेंहि गाळतात, आणि उरलेल्या व्यंजनांचे सहा गट करून प्रत्येक गटाला एक आंकडा देतात. मग चौधरी कसेंहि लिहा, उत्तर एकच येतें : 'सी-३-६-०'.

ही युक्ति ऐकून मला मोठी मौज वाटली. आपल्या वर्णमालेनें कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग पाडून हेंच काम किती तरी आधीं करून ठेविलें आहे! परंतु रसेलसाहेबांची युक्ति विदर्भांत येऊन अडखळते. वानखेडे हें आमच्याकडील घरोघरचें आडनांव. एक भाऊ तें 'व्ही'नें आरंभितो, दुसरा 'डब्ल्यू'नें. पहिलें अक्षर कायम ठेवण्याच्या नियमामुळें हे दोघे सख्खे भाऊ दोन निराळ्या कप्प्यांत जाऊन पडतात. ज्ञानेश्वराची तर आणखीच तऱ्हा. मराठी माणूस तें 'डी'नें लिहितो. आमचा हिंदीभाषी शेजारी ग्यानेश्वर म्हणतो, म्हणून 'जी'नें लिहितो. दोन भाषा एका गल्लींत नांदणाऱ्या नागपुरांत हा प्रश्न रोजचा आहे.

मुलांनीं मग देवनागरीवरच आपला नियम बसविला. ऱ्हस्व-दीर्घ एक मानावयाचे. श, ष आणि स एका गटांत. न आणि ण एका गटांत. ल आणि ळ एकत्र. व आणि ब एकत्र. ज्ञ कोणीहि कसाहि उच्चारो, त्याचा कप्पा एक. ह्यानें काळे आणि काले एका गठ्ठ्यांत येतात हें खरें. पण हा गठ्ठा निकालाचा नसून चौकशीचा आहे. गठ्ठ्याचा दुसरा लाभ वेगाचा. एक लाख नोंदींतील प्रत्येक नांव दुसऱ्या प्रत्येक नांवाशीं ताडून पाहावयाचें तर सुमारें ५०० कोटी तुलना कराव्या लागतील. ग्रंथालयांत आपण सगळीं कपाटें न चाळतां एकच खण उघडतों, तसें यंत्रहि एकाच गठ्ठ्यांत पाहतें.

दुसरी युक्ति व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन ह्या रशियन गणितज्ञाची, १९६५ सालची. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यास किती अक्षरें बदलावीं, घालावीं वा काढावीं लागतात तें मोजावयाचें. लिहितांना झालेली चूक ह्यानें छान पकडतां येते. परंतु मीना आणि मीरा ह्यांत अंतर एकाच अक्षराचें आहे आणि त्या दोन निराळ्या मुली आहेत. उलट ज्ञानेश्वर आणि ज्ञानोबा ह्यांत अंतर पुष्कळ आहे आणि तो एकच मुलगा असूं शकतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांत मीं ज्याला पुरुषोत्तम म्हणून लिहिलें त्याला सारा गांव बंडू म्हणे. मुलींचें तर लग्नानंतर मधलें नांव बदलतें, आडनांव बदलतें, आणि कित्येक घरीं पहिलें नांवहि बदलतें. तीस वर्षांनीं शाळेचा दाखला मागावयास आलेली बाई रजिस्टरांतील कोणत्या ओळींत आहे हें तेथें एकटें नांव सांगत नाहीं. जन्मतारीख, जन्मस्थान, वडिलांचा व्यवसाय, आधींची शाळा हीं सारीं मिळून सांगतात.

म्हणून आमच्या मुलांच्या ॲपमध्यें नांवाच्या जोडीला वय, गांव, बोलीभाषा, अंगावरील कपडे, शेवटचें कोठें नि केव्हां पाहिलें हे रकाने आले. प्रत्येक जुळणीला गुण दिलेले. छायाचित्रावरून यंत्रानेंच चेहरा ओळखावा असेंहि एकानें सुचविलें. परंतु दिल्ली पोलिसांच्या अशा यंत्रणेची अचूकता शेंकडा २ इतकीच असल्याचें २०१८ सालीं दिल्ली उच्च न्यायालयापुढें सांगण्यांत आलें होतें. यंत्रें तेव्हांपासून सुधारलीं आहेत. तरी लहान मुलाचा चेहरा वर्षांवर्षांनीं पालटतो, ही अडचण राहतेच.

येथें चुका दोन प्रकारच्या होतात हें ध्यानांत घेतलें पाहिजे. खरें माणूस नोंदींत असून हातीं न लागणें ही एक, आणि भलतेंच माणूस खरें म्हणून पुढें येणें ही दुसरी. जाळें बारीक विणलें तर पहिली चूक घटते नि दुसरी वाढते. सैल विणलें तर उलट. पहिल्या चुकीनें शोध लांबतो. दुसऱ्या चुकीनें मूल परक्याच्या हातीं जाऊं शकतें. म्हणून यंत्रानें पांच-सात संभाव्य नोंदी चौकीवरच्या माणसापुढें ठेवाव्या आणि निर्णय त्या माणसानें घ्यावा, असें ठरलें.

मुलें खूष होतीं. त्यांनीं मला कागदावर काढलेला आराखडा दाखविला. नांव लिहा, कळ दाबा, कीं हरवलेलें माणूस कोठें आहे तें सर्वांना दिसेल. मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. मग मीं त्यांना एक गोष्ट सांगितली, ती आपल्यालाहि सांगतों.

सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. एक नीटनेटके गृहस्थ शाळेंत आले. आमच्या एका विद्यार्थिनीचें नांव, इयत्ता, वाढदिवस त्यांनीं बिनचूक सांगितला आणि आपण तिचे काका आहोंत, गांवाकडून आलों, घराचा पत्ता हरवला, असें म्हणाले. मीं रजिस्टर उघडलें आणि पत्ता लिहून दिला. मला त्यांत चांगलें काम केल्याचें समाधान वाटलें. चौथ्या दिवशीं त्या मुलीची आई आली. डोक्यावरचा पदर तिनें कपाळापर्यंत ओढला होता. तिला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, त्याच दिवशीं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती मुलीला घेऊन ह्या शहरांत लपून राहिली होती, आणि मीं दिलेला कागद घेऊन तो तिच्या दाराशीं पोंचला होता. ती मला एक शब्दहि बोलली नाहीं. दाखला लिहितांना माझा हात कांपत होता. त्या मायलेकी पुढें कोठें गेल्या तें मला ठाऊक नाहीं, आणि मीं शोधहि केला नाहीं. शोधण्याचा मला अधिकार उरला नव्हता.

श्रोतेहो, त्या गृहस्थानें दिलेली माहिती सर्व खरी होती. साउंडेक्स असो वा लेव्हेन्श्टाइन, कोणत्याहि परीक्षेंत ती उतरली असती. मीं एकच गोष्ट विचारली नाहीं : विचारणारा कोण, आणि जिला शोधावयाचें तिला सांपडावयाचें आहे काय? हरवलेला आणि लपलेला ह्यांत बाहेरून कांहीं फरक दिसत नाहीं.

'पर्सन फाइंडर'वर तर स्पष्टच लिहिलेलें असे कीं, येथें दिलेली माहिती कोणालाहि पाहतां येईल. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशीं तें योग्यहि असेल. कारण तेथें क्षणाक्षणाचें मोल असतें आणि शोधणारे बहुतेक आप्तच असतात. पण तोच सांचा नेहमींच्या दिवसांसाठीं वापरणें घातक आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें सांगितलें; त्या पीठावर आमच्या नागपूरचे न्यायमूर्ति शरद बोबडे हेहि होते. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्याची माहिती त्याची संमति, हें त्याचें मुख्य सूत्र आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांबाबत पालकांची संमति लागते. डॉक्टर देशमुखांचा पत्ता मी बेलाशक दाखवितों, कारण त्यांनीं आपल्या नांवाची पाटी स्वतः लावली आहे. त्या बाईनें पाटी लावलेली नव्हती.

माझी गोष्ट ऐकून मुलांनीं आराखडा रात्रींतून बदलला. आतां शोधणाऱ्याला पत्ता दिसत नाहीं. त्याची विनंति चौकीवर जाते. सांपडलेलें माणूस जाणतें असेल तर चौकीवरचा कार्यकर्ता त्याला विचारतो, "अमुक माणूस आपल्याला शोधतो आहे, भेटावयाचें काय?" होय म्हटलें तरच गांठ घालून दिली जाते. मूल असेल तर पोलिसांच्या समक्ष ओळख पटविल्याखेरीज तें कोणाच्या हातीं देत नाहींत, मग तो प्रत्यक्ष बाप का असेना. कोणी काय शोधलें ह्याची नोंद राहते. आणि मेळा संपल्यावर ठराविक दिवसांनीं, ज्यांची गांठ पडली त्यांच्या नोंदी पुसून टाकतात. माझ्या रजिस्टराला मात्र अशी मुदत नव्हती. तें अजून कोठल्या तरी कपाटांत असेल.

स्पर्धेचा निकाल आपण विचाराल. बक्षीस दुसऱ्या गटाला मिळालें. त्यांच्या पानावर नांव लिहितांच छायाचित्र, फोन आणि ठिकाण झटकन उमटत होतें, आणि पाहणाऱ्यांनीं टाळ्या वाजविल्या. एका परीक्षकांनीं माझ्या पुतणीला विचारलें कीं, तुमचें यंत्र इतका वेळ कां घेतें? ती म्हणाली, "सर, यंत्र वेळ घेत नाही. ते परवानगी विचारतं." ह्याला त्यांनीं किती गुण दिले तें मला ठाऊक नाहीं.

जातां जातां गृहस्थाश्रमी श्रोत्यांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगतों. मेळ्याला निघतांना लहान मुलाच्या व वृद्धांच्या खिशांत घरच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पण मुलाचें नांव पाठीवर वा दप्तरावर मोठ्या अक्षरांत लिहूं नका, कारण नांव घेऊन हांक मारणाऱ्यावर मूल चटकन विश्वास ठेवतें. घरून निघतांना सर्वांचें एक छायाचित्र घ्या, म्हणजे त्या दिवशींचे कपडे नक्की सांगतां येतात. मूल हरवलें तर चोवीस तास थांबावें लागतें ही समजूत चुकीची आहे. हरवलेल्या मुलाची तक्रार रीतसर नोंदविलीच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे. १९९६ सालीं मुंबईंत सुरू झालेला मुलांसाठींचा १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आणि तांतडीचा ११२ हा क्रमांक घरांत सर्वांना पाठ असूं द्या.

मी अजूनहि सकाळीं फाटकाशीं बसतों. डॉक्टरांचा पत्ता विचारला तर उठून कोपऱ्यापर्यंत दाखवावयास जातों. पण "अमक्या बाई इथंच कुठं राहतात ना जी?" असें कोणी विचारलें, तर त्याला बसावयास खुर्ची देतों, पाणी देतों आणि म्हणतों, "आपलें नांव सांगा. मी त्यांना निरोप पोंचवितों."